नऊच्या नऊ

आमच्या गोल्फ क्लबाला अध्यक्ष होता, दोन उपाध्यक्ष होते, खजिनदार, सहखजिनदार आणि प्रसिद्धिप्रमुख होते, आणि मी सचिव होतो. सदस्य एकूण एकोणीस. त्या एकोणिसांत गोल्फ येत होता फक्त एकाला आणि त्याच्याकडे कुठलंच पद नव्हतं. तो म्हणजे सिद्धाराम बिराजदार.

आता क्लब नाही. बिराजदार हैदराबादला मुलीकडे राहायला गेला. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मात्र अजून जिवंत आहे. रोज सकाळी त्यावर गुलाबाची फुलं येतात, मधुमेहावरचे उपाय येतात, कुणाचा वाढदिवस असला की ओळीनं केक येतात. तो ग्रुप बंद करावा असं मला फार वाटतं. पण बंद करायचा तर सभा घ्यावी लागेल, सभा घ्यायची तर अठरा फोन करावे लागतील, आणि फोन करायची माझी ताकद संपली आहे. खरं सांगायचं तर ती पहिल्याच वर्षी संपली होती. पुढची तीन वर्षं मी नुसता बिराजदारच्या तोंडाकडे बघून फोन करत राहिलो.

आम्ही सगळे सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनातले, स्थापत्य डिप्लोम्याच्या एकाच वर्गातले. बिराजदार माझ्या मागच्या बाकावर बसायचा. रोज वळसंगहून एसटीनं यायचा आणि एसटीनंच जायचा. घरची भाषा कन्नड, त्यामुळे पहिलं वर्षभर तो फारसा बोललाच नाही. ड्रॉइंगच्या तासाला मात्र त्याच्या कागदाभोवती गर्दी असायची. त्यानं काढलेलं गटाराचं आडवं छेदचित्र बघून मास्तर म्हणायचे, ‘गटार असावं तर असं.’ डिप्लोमा झाल्यावर तो उत्तरेकडच्या कुठल्यातरी लष्करी छावणीत बांधकामावर ओव्हरसियर म्हणून लागला आणि आमच्या आयुष्यातून गेला. मी पाटबंधाऱ्यात चिकटलो. तीसेक वर्षं आम्हा दोघांना एकमेकांची आठवणही आली नसावी.

मग सगळे निवृत्त झालो आणि निवृत्त माणसं जे करतात ते केलं, म्हणजे स्नेहमेळावा भरवला. कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळपासून भाषणं चालली होती. जेवणाआधी कुणीतरी विचारलं, की आता पुढं आपण सगळ्यांनी मिळून काय करायचं? एकजण म्हणाला वृक्षारोपण. एकजण म्हणाला रक्तदान. आपलं रक्त आता कोण घेतंय, असं मागून आलं. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा राहिला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. म्हणाला, “गोल्फ खेळू या की.”

हॉल हसला. सगळ्यात जास्त हसला गड्डम. गड्डमनं डिप्लोम्याचा कागद घरी फ्रेम करून लावला आणि आयुष्यभर वडिलांचे टॉवेलचे माग चालवले. त्याचं हसणं मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असं. बिराजदार हसू संपेपर्यंत थांबला.

“झालं हसून? मी काय म्हणायलोय ऐका. माझं वळसंगला नऊ एकर रान हाय. पडीक ठेवतो. बारके बारके नऊ होल बसतात. दांडकी हायत माझ्याकडं. दर रविवारी सकाळी यायचं, नऊ होल खेळायचे, हात मिळवायचा, चहा प्यायचा, घरी जायचं. भाषण न्हाय, हार न्हाय, काय न्हाय.”

भाषण नाही हे ऐकून लोकांना कल्पना आवडली. आणि आवडली म्हणून लगेच तिथल्या तिथं कार्यकारिणी निवडायला घेतली. सोलापुरात चार माणसं एका दिशेनं चालू लागली तरी त्यांचं मंडळ होतं, आम्ही तर एकोणीस होतो. आवाज मोठा म्हणून गड्डम अध्यक्ष झाला. मेळाव्यासाठी सगळ्यांचे फोन नंबर मी गोळा केले होते, म्हणून मी सचिव. बिराजदारला कुणी काही विचारलं नाही. तो तोवर कागदावर उतार काढत बसला होता.

त्या मे महिन्यात तो मला रान दाखवायला घेऊन गेला. मी गाडीच्या सावलीत उभा, आणि तो भर उन्हात बांधाबांधानं फिरतोय, मध्येच उकिडवा बसून जमीन न्याहाळतोय. मी ओरडलो, “अरे, काय शोधतोयस?”

“पाणी कुटं जातंय ते बघायलोय.”

“मे महिन्यात कुठलं पाणी?”

“आज न्हाय. पण जाईल तवा कुटनं जाईल?”

हे त्याचं पालुपद होतं. पाणी कुटं जातंय ते बघ आधी. कशालाही लावायचा. गड्डमच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हाही तो हेच म्हणाला. माझी मुलगी घरात सहा महिने माझ्याशी बोलत नव्हती, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला एकदा सांगून बसलो. तेव्हा म्हणाला, “आडवू नको. पाणी कुटं जातंय बघ, तितं जाऊन हुबा राहा.” मी तसं काही केलं नाही. पण ते ऐकून मला बरं वाटलं होतं हे खरं.

आमच्याकडच्या काळ्या रानात हिरवळ राखायची म्हणजे विहीर उपसून संपवायची. बिराजदारनं हिरवळीचा नादच केला नाही. होलभोवतीच्या गोल जागेत त्यानं नदीची वाळू पसरली, गॅरेजमधून काळं ऑईल आणून त्यात कालवलं, आणि वरनं रूळ फिरवला. वारा आला तरी वाळू उडत नाही आणि चेंडू सरळ जातो. “तितले सायेब लोक ह्याला ग्रीन म्हणतात. आपलं ब्राऊन,” तो म्हणाला. गड्डमनं मागावरचे डागी टॉवेल दिले, त्यांचे नऊ झेंडे झाले. मेंढरं बसवायला धनगर यायचे, त्यांना बिराजदारनं मोकळं रान दिलं. गवत खुरटं राहतं म्हणायचा. फक्त लेंड्या आणि चेंडू यातला फरक ओळखायला आम्हाला चष्मा लागायचा.

उद्घाटनाला गड्डमनं नारळ फोडला, पंचवीस मिनिटं भाषण केलं आणि पहिला टोला मारला. चेंडू जागेवर राहिला आणि ढेकूळ वीस फूट गेलं. प्रसिद्धिप्रमुखानं नेमका तोच फोटो काढला. बिराजदार पुढं झाला, गड्डमची बोटं एकेक करून दांडक्यावर नीट बसवली आणि हळूच म्हणाला, “जोर नको लावू. ते आपोआप जातंय.” गड्डमनं पुन्हा जोर लावून मारला. पुन्हा ढेकूळ.

बिराजदारचे नियम थोडे आणि कडक होते. कॉलरचा शर्ट पाहिजे. दुसरा मारत असताना बोलायचं नाही. चैत्रात रानाला भेगा पडायच्या, चांगला हात जाईल एवढ्या, आणि चेंडू त्यात नाहीसा व्हायचा. त्यासाठी त्यानं स्वतःचा नियम केला होता : कोपरापर्यंत हात घालून निघाला तर माफ, नाही निघाला तर एक स्ट्रोक दंड.

“आन हाताला साप लागला तर?” गड्डमनं विचारलं.

“तर सापाला एक स्ट्रोक.”

तो हसला नाही. विनोद करून न हसणारी माणसं मला एरवी आवडत नाहीत, पण बिराजदारचं तसं नव्हतं. त्याला तो विनोद आहे हेच उशिरा कळायचं.

एकदा दुसऱ्या होलवर गड्डमचा चेंडू एका बाभळीच्या बुंध्याशी जाऊन बसला. गड्डमनं इकडे तिकडे बघितलं आणि पायानं तो मोकळ्यावर सारला. मी बघितलं आणि बिराजदारनंही बघितलं. मला वाटलं आता भांडण होणार, कारण खोटं खेळणं त्याला अजिबात खपायचं नाही. पण त्यानं खिशातून गुणांचं कार्ड काढलं आणि आपल्या नावापुढं दंडाचा एक स्ट्रोक वाढवला. मी नंतर त्याला विचारलं, की हा काय प्रकार?

“माझं रान हाय. रानात आलेल्या माणसाची चूक रानवाल्याच्या अंगावर.”

“असा नियम आहे गोल्फमध्ये?”

“गोल्फमदे न्हाय. वळसंगमदे हाय.”

ती कार्डं तो घरी हातानं तयार करायचा. डिप्लोम्याच्या दिवसांतलं तेच टोकदार, उभं अक्षर. नऊ रकाने आणि खाली साक्षीदाराच्या सहीची जागा. एकट्यानं खेळलेला राऊंड धरत नाहीत, सोबत चालून दुसऱ्यानं सही केली तरच तो झाला, असं तो सांगायचा. एकटा तो मधल्या वारी सगळं रान फिरायचा, ते त्याच्या लेखी खेळणं नव्हतं. दर रविवारी ताजी कार्डं घेऊन तो सातच्या आधी पहिल्या होलपाशी उभा असे.

आणि दर रविवारी कार्डं चौथ्या रकान्यापर्यंत भरायची. कारण चौथ्या होलपाशी कडुलिंब होता. सावली दिसली की कुणीतरी म्हणायचं, जरा टेकू. टेकलं की महादेवीवहिनींचा चहा यायचा. वहिनी म्हणजे बिराजदारची बायको; घर मळ्यातच, त्यामुळे त्यांना लांबून टेकलेली माणसं दिसायची आणि चहा टाकल्यावाचून राहवायचं नाही. चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मग कुणाची तरी शुगर, कुणाचा तरी नातू, कुणाच्या तरी सोसायटीतलं भांडण. बिराजदार दांडकं हातात घेऊन थोडा वेळ उभा राहायचा. “अजून पाच हायत की,” एकदा म्हणायचा. कुणी उठायचं नाही. मग तोही येऊन बसायचा, पाहुणे सोडून यजमान कुठं जाणार?

उठणाऱ्यांत मीही कधी नव्हतो. सचिव असून. आठवडाभर लोकांना फोन करून मी इतका दमलेला असायचो, की खेळाच्या वेळी अंगात काही शिल्लकच नसायचं. निदान मी स्वतःला असं सांगायचो.

एका रविवारी बिराजदार पाचव्या होलची वाळू नीट करायला गेला होता. लिंबाखाली मी आणि वहिनी दोघंच होतो. वहिनी म्हणाल्या, “तुमच्या दोस्ताला जरा खेळवा की भाऊजी.”

“खेळतोय की तो.”

“कुटं? चारच की.” त्यांनी कपबश्या गोळा केल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं. छावणीत साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. त्या मैदानाचं पाणी काढायचं काम यांच्याकडे. तीस वर्षं त्यांनी तिथल्या चाऱ्या खणल्या, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहिले. चारीत चेंडू सापडले की बादलीत भरून मेसमध्ये नेऊन द्यायचे. एकही घरी आणला नाही. “बाहेरच्या माणसानं खेळायचं नसतंय तितं. आमचे हे कडेनं चालायचे. संध्याकाळी सायेब लोक नववं झाल्यावर टोप्या काढून एकमेकाला हात द्यायचे, मग तितंच बसून चहा. हे चारीतनं बघायचे. घरी येऊन मला सांगायचे, आज कोण कोण खेळलं. निघताना एका सायबानं ती जुनी पिशवी दिली दांडक्याची. तवापास्नं एकच चाललंय, आपल्या माणसाबरोबर एकदा नऊच्या नऊ.”

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं, की पुढच्या रविवारी काही झालं तरी पूर्ण खेळायचं. पुढच्या रविवारी ऊन फार होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर रविवारी येणारे पाच राहिले, मग तीन. गड्डम म्हणाला, “बिराजदार, थोडी ज्वारी पेर बे. हुरडा असला तर लोकं येतील.” पेरणीचा काळ निघून चालला होता, तरी बिराजदारनं तिसऱ्या होलच्या पट्ट्यात मालदांडी टाकली. होल आठ राहिले. माघात कणसं भरली आणि काय चमत्कार, सतराजण आले. त्याच्या पुढच्या वर्षी बायकापोरं धरून आले, म्हणून दुसऱ्या होलवरही ज्वारी आली. होल सात राहिले. क्लब असा वाढत होता. वार्षिक अहवालात मी ‘सदस्यांचा वाढता प्रतिसाद’ असं लिहिलं. बिराजदार आगटीपाशी बसून तळहातावर कणसं चोळायचा, गरम दाणे पाहुण्यांच्या पुढ्यात टाकायचा, आणि मधूनच मान वर करून उरलेल्या झेंड्यांकडे बघायचा. मी ते बघत होतो. मला वाईटही वाटायचं. हुरडा मात्र फार गोड होता.

चौथ्या वर्षी भाद्रपदात त्याचा फोन आला. “सचिव, यंदा ज्वारी न्हाय. सगळं रान मोकळं ठेवायलोय. नऊच्या नऊ.” मग थोडं थांबून, “हिचं डायलिसिस सुरू करायचं म्हणतेत. पोरगी म्हणती हैदराबादलाच या. जानेवारीत जायचं ठरलंय. रान मल्लूला कसायला दिलंय, डाळिंब लावणार हाय तो. जायच्या आदल्या रविवारी सगळ्यांला बोलीव. एकदाच. बाकी काय मागत न्हाय.”

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, त्याचा पुतण्या. बिराजदारनं चार वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी जीव तोडून फोन करायचं ठरवलं, आणि जानेवारी लागताच केलेही. एकाच्या मेहुण्याची वास्तुशांती होती. एकाला डॉक्टरनं ऊन वर्ज्य सांगितलं होतं. दोघांनी ‘बघतो’ म्हटलं, आणि ‘बघतो’चा अर्थ मला आता पाठ आहे. गड्डम म्हणाला, “येतो, पण जरा गर्दी असली तर मजा हाय. चारजणांत काय?” शुक्रवारपर्यंत माझ्या यादीवर बिराजदार धरून चार नावं होती. मी खुर्चीत बसलो, ग्रुप उघडला, आणि लिहिलं : ‘रविवारी बिराजदारचा निरोप समारंभ. हुरडा आहेच. सहकुटुंब यावे.’

रानात ज्वारीचं एक ताट नव्हतं, हे मला माहीत होतं. मी स्वतःला समजावलं, की आधी माणसं तर येऊ देत. एकदा आली की खेळतील. हुरड्याचं विसरून जातील. पाच मिनिटांत पंधरा अंगठे आले. फोन न करता एवढी माणसं जमली याचा मला त्या क्षणी आनंदच झाला, हे लपवून काय करू?

रविवारी सातला मी पोचलो तेव्हा बिराजदार पहिल्या होलपाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नवी कोरी पांढरी टोपी. घरातलं लाकडी टेबल त्यानं रानात आणून ठेवलं होतं आणि त्यावर एकोणीस कार्डं ओळीनं मांडली होती. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. सगळ्यांची नावं त्या टोकदार अक्षरात घातलेली. मला बघून म्हणाला, “येतेत न्हवं?”

“येतात.”

साडेआठला गाड्या यायला लागल्या. पन्नासेक माणसं उतरली. पहिल्या गाडीचं दार उघडलं आणि आतूनच कुणाची तरी बायको म्हणाली, “अय्या, हुरडा कुठाय?”

बिराजदारनं माझ्याकडे बघितलं. एकदाच, फार वेळ नाही. मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि पुतण्याला हाक मारली, “मल्लू, बा इल्ली.” दोघं कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मल्लू मोटरसायकल काढून भावकीतल्या कुणाच्या तरी रानाकडे गेला आणि पोतंभर कणसं घेऊन आला. तोवर बिराजदारनं लिंबाखाली खड्डा काढून गोवऱ्या पेटवल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, “अरे राहू दे, मी सांगतो त्यांना.” तो फुंकर घालत होता. मान वर न करता म्हणाला, “काय सांगतोस? माझ्या रानात आलेलं माणूस उपाशी जात नसतंय.”

दुपारी दीडपर्यंत तो आगटीपाशी होता. ताटल्या कमी पडल्या, वहिनींच्या अंगात आता पळापळ करायचं बळ नव्हतं. कुणीतरी टेबलावरचं एक कार्ड उचललं आणि त्यावर शेंगाची चटणी वाढून घेतली. कागद जाड होता, चांगला होता. मग सगळ्यांनीच घेतली. मी ते बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं. पण समोर वाढलेलं असताना काय ओरडायचं, म्हणून मिटलं. नंतर गड्डमनं भाषण केलं. बिराजदारच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि शाल घातल्यावर त्याला खरोखरच रडू आलं. गड्डम वाईट माणूस नाही. आमच्यात कुणीच वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती.

गाड्या गेल्या. हैदराबादहून न्यायला आलेला जावई वहिनींना घेऊन घरात गेला. मला जाववेना. बिराजदारनं आगटीवर पाणी ओतलं आणि हात धुतले. “झेंडे काढून घेतो. मल्लू उद्या ट्रॅक्टर घालणार हाय.”

“मी येतो,” मी म्हटलं.

पहिला, दुसरा, तिसरा. एकेक झेंडा उपटून तो काखेत मारत होता. लिंब ओलांडला. पाचवा, सहावा. सातव्याच्या पुढं बाभळींची रांग होती आणि तिच्या पलीकडे मी चार वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. क्लबाचा सचिव मी, पण आपलं मैदान मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण बघितलं. बाभळी संपल्या, आठवा झाला, रान जरा उतरलं आणि नववा होल आला. तिथं एक कट्टा होता.

शहाबादी फरशीचा, लांबच लांब कट्टा. पाठ टेकायला मागं उतार दिलेला, पाय ठेवायला खाली पायरी, आणि दोन्ही टोकांना सावलीसाठी लावलेले करंज माणसाच्या उंचीचे झाले होते. मी बघत राहिलो.

“हे कधी बांधलंस?”

“पैल्याच वर्षी.”

“बोलला नाहीस कधी.”

“आल्यावर दिसलं असतं की. चहा हितं प्यायचा व्हता, खेळ झाल्यावर.” त्यानं झेंड्यांची मोळी खाली ठेवली. “माणशी दीड फूट धरलाय. गड्डमला दोन.”

आम्ही बसलो. दगड उन्हानं तापला होता. लांबून अक्कलकोट रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मी म्हटलं, “बिराजदार, हुरड्याचं मी लिहिलं होतं.”

“ग्रुपवर मी बी हाय की.”

“मग काल बोलायचं होतंस.”

“मला वाटलं, आल्यावर खेळतील.” तो वाळूकडे बघत होता. “आन तू न्हाय लिवलं असतंस तर कोण आलं असतं? दोघंतिघं बसलो असतो हितं.”

“दोघं खेळलो तरी असतो,” मी म्हणालो.

मला त्याची माफी मागायची होती. मी विचारलं, “उद्या किती वाजता निघताय?”

“सहाला.”

थोड्या वेळानं मी उठलो. उठताना गुडघ्यावर हात टेकला, तोंडातून ‘आई गं’ निघालं. ते सवयीनं निघतं.

“गुडघा धरलाय काय? बस, बस.” तो आधीच उभा राहिला होता. “आता परत नऊ होल चालत जाणार काय तू? चावी दे. गाडी रस्त्यानं वळवून हितं आणतो. बांधापतुर येती.”

दिवसभर आगटीपाशी बसलेला माणूस. पहाटे चारला उठून त्यानं नऊही होलची वाळू सारखी केली होती, हे मला मल्लूनं सांगितलं होतं. मी नको म्हणायला हवं होतं. सोबत चालायला हवं होतं, निदान परतीचे नऊ तरी. मी खिशातून चावी काढून दिली.

झेंडे काखेत घेऊन तो निघाला. चढ चढून बाभळींपाशी दिसेनासा झाला आणि पलीकडे पुन्हा दिसला, बारीक, किंचित वाकलेला. प्रत्येक होलपाशी तो वाळूला वळसा घालून जात होता, वाळूवर पाय पडू देत नव्हता. मी एकोणीस माणसांच्या कट्ट्यावर एकटा बसून त्याच्याकडे बघत होतो. माझा गुडघा त्या दिवशी एवढा काही दुखत नव्हता.